टाकीच्या तोंडावरची वहिनी

कागदाच्या गिरणीत तिला सगळे वहिनी म्हणत. धाकटा दीर त्याच गिरणीत कामाला होता आणि दिवसभर "वहिनी, वहिनी" करत फिरायचा, म्हणून बाकीच्यांनीही तेच उचललं. तिच्याहून वयाने मोठे, पांढऱ्या मिश्यांचे मिस्त्रीसुद्धा तिला वहिनीच म्हणायचे. तिचं काम सांगायला अगदी सोपं होतं. जमिनीखालच्या टाकीत माणूस उतरला की टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि काही झालं तरी आपण आत जायचं नाही. एवढ्याचा पगार मिळतो म्हटल्यावर लोकांना हसू यायचं. आमच्याकडे तर भिंतीसुद्धा फुकट उभ्या राहतात, असं एक जण म्हणाला होता. "मग आज भिंतीलाच सांग तुझा दोर धरायला," असं म्हणून वहिनी खरोखरच दोर टाकून चहाला निघाली. तो बिचारा टाकीच्या कडेला उभा राहून तिला हाका मारत बसला.

टाकी म्हणजे लगद्याची टाकी. रद्दी भिजवून, घुसळून तिचा लगदा व्हायचा आणि तो त्या टाकीत साठवला जायचा. गिरणी चार दिवस बंद राहिली की तळाशी उरलेला लगदा कुजायला लागतो, आणि कुजलेला लगदा हलवला की त्यातून वायू निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाकच मरतं, वास यायचा थांबतो, माणसाला वाटतं आता हवा बरी झाली, आणि तो आहे तिथेच बसकण मारतो. मग उठत नाही.

हे वहिनीला कुणी वर्गात बसवून शिकवण्याच्या आधीच समजलं होतं. तिचा नवरा ह्याच गिरणीत होता. त्या काळी टाकीच्या तोंडावर कुणी उभं करण्याची पद्धत नव्हती. दोघं मिळून जायचे, एक आत आणि एक वर, वरच्याने बादल्या ओढायच्या, झालं. आतला गडी पडला, तसा हा त्याला काढायला शिडीवरून उतरला आणि दोघंही गेले. लोकांनी त्याला फार मोठं केलं. जोडीदारासाठी जीव दिला म्हणाले. सासूने त्याचा फोटो दाराच्या समोरच्या भिंतीवर लावला, आलागेला माणूस आधी त्याच्याकडे बघेल असा, आणि प्रत्येकाला सांगायची, "माझा मुलगा दुसऱ्याला वाचवायला गेला." वहिनी एकदा ताडकन म्हणाली, "गेला खरा, पण वाचवलं कुणाला?" त्यानंतर कित्येक दिवस सासूने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ताट वाढलं तरी सांगायची धाकट्याला, "तिला म्हणावं जेव."

वहिनी नवऱ्यावर रागावलेली होती. विधवा बाईने नवऱ्यावर रागवायचं नसतं, आठवण काढून डोळे पुसायचे असतात, हे तिला माहीत होतं. पण तिला रडूच येत नसे. येत असे तो संताप. घरात म्हातारी आई, शाळेतला भाऊ, हातात दमडी नाही, आणि हा शहाणा कुणाचाही विचार न करता भोकात उतरला. वेडा, वेडा, वेडा, असं ती भांडी घासताना पुटपुटायची आणि भांड्यांचा जीव काढायची.

धाकटा म्हणजे तिचं शेंडेफळ. ती लग्न होऊन आली तेव्हा त्याला स्वतःची नाडी बांधता येत नव्हती. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला नोकरीला चिकटवण्यापर्यंत सगळं तिने केलं. खरं तर ह्या गिरणीत त्याने पाय ठेवू नये म्हणून तिने आकाशपाताळ एक केलं होतं; पण पोराने ऐकलं नाही, आणि नेमका टाकी साफ करणाऱ्या टोळीत जाऊन उभा राहिला. तेव्हा वहिनी रद्दी निवडायच्या शेडमध्ये होती. टाकीच्या तोंडावर माणूस उभा केलाच पाहिजे असा नवा नियम आला, आणि ते काम कुणी पुरुष घेईना. नुसतं उभं राहायचं, यात कसली मर्दुमकी? वहिनी स्वतः मुकादमाकडे गेली आणि म्हणाली, "मला द्या. मी उभी राहते." तिला रीतसर शिकवलं, तिची परीक्षा घेतली आणि तिला पिवळं जाकीट दिलं.

त्या जाकिटात ती टोळीला नकोशी झाली. उतरणाऱ्याच्या बुटाचा तळ ती स्वतः बघायची, लगद्याचा चिकटा असला की कापडाने पुसायला लावायची, कारण शिडीवरून घसरून पडणारे वायूने मरणाऱ्यांपेक्षा कमी नसतात हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. खिशातली तंबाखूची डबी, किल्ल्या, मोबाइल, सगळं काढून घ्यायची. तोंडाभोवती लोखंडी कठडा लावल्याशिवाय झाकण उघडू द्यायची नाही. सकाळी घरी कुणाचं भांडण झालंय, कुणाची झोप झाली नाही, हे तोंड बघून ओळखायची आणि सरळ सांगायची, "तू आज नाही. घरी जा आणि बायकोची माफी माग." वर हसून वेळ मारून न्यायचीही सोय नव्हती, कारण ती स्वतः हसत नसे.

सगळ्यात जास्त कटकट दोराची. उतरणाऱ्याच्या अंगात पट्टा असतो, त्याच्या पाठीवर कडी असते, कडीत दोराचा हुक. दोर वर तिवईवरच्या रहाटावर गुंडाळलेला. आतला माणूस पडला तर वरच्याने रहाट फिरवायचा आणि त्याला विहिरीतल्या बादलीसारखा वर काढायचा, कुणी आत उतरायची गरजच नाही. बेत चोख होता. पण टाकीच्या मधोमध कमरेएवढी भिंत होती. तिच्यापलीकडे काम करायला गेलं की दोर भिंतीच्या कडेला घासायचा, लगद्यात लोळायचा, जड व्हायचा, आणि दोन पावलं पुढे टाकली की मागे खेचायचा. म्हणून टोळीत एक युक्ती चालत होती, वहिनीला न सांगता. शिडीने खाली उतरलं की हुक पाठीवरून काढायचा आणि दोर शिडीच्या खालच्या पायरीला बांधून टाकायचा. वरून ओढून बघितलं तर दोर ताठ लागतो. वरची समाधानी, खालचा मोकळा.

ही युक्ती मूळची पैलवानाची. पैलवान म्हणजे टोळीतला सगळ्यात दांडगा गडी, खांदे दाराएवढे आणि मन लोण्याचं. धाकट्याचा जिवलग. त्याने ती धाकट्याला शिकवली, अगदी प्रेमाने, आपल्या माणसाला त्रास नको म्हणून.

त्या दिवशी गिरणीची यंत्रं बंद होती, नुसतं साफसफाईचं आणि रद्दी निवडायचं काम चालू होतं. सकाळपासून सोंड लावून ठेवली होती. सोंड म्हणजे हवेचा जाड पाइप, पंख्याने बाहेरची हवा आत ढकलणारा. वायू मोजायचं, आकडा वाढला की ओरडणारं मीटर दोरीला बांधून आत सोडलं, तळापर्यंत नेलं, आकडे नीट आले. धाकटा उतरला. छातीवर मीटर, पाठीवर कडी, कडीत हुक. सोंडेचं तोंड त्याने आपल्याबरोबर भिंतीपलीकडे नेलं. पुढची पाळी पैलवानाची होती, म्हणून तो पट्टा अंगात घालून कठड्याशी उभा होता.

वहिनीची रीत अशी की थोड्या थोड्या वेळाने दोर एकदा ओढायचा, आणि आतल्याने दोनदा ओढून उत्तर द्यायचं. तिने ओढला. उत्तर आलं ते तोंडाने.

"आहे गं वहिनी!"

"तोंडाने नको. दोराने सांग."

"हात लगद्यात आहेत! दोर काय नाकाने ओढू?"

पैलवान हसला, पण जरा जास्तच. वहिनीने दोर पुन्हा ओढला. माणसाला बांधलेला दोर जरा तरी देतो, हा मात्र खांबासारखा घट्ट लागला. तिच्या मनात पाल चुकचुकली. दुसरा कुणी असता तर तिने त्याला त्या क्षणी वर काढला असता आणि आठवडाभर टाकीचं तोंड बघू दिलं नसतं. पण हा धाकटा होता. सकाळी डब्यावरून ती त्याच्यावर उगीच ओरडली होती आणि पुन्हा चारचौघांत ओरडायला तिला जड गेलं. एवढी फावडी होऊ देत, मग बघते त्याच्याकडे, असं तिने ठरवलं.

आणि मीटर ओरडायला लागलं.

आतून, भिंतीपलीकडून, आधी एकेक शिट्टी आणि मग सलग, न थांबणारी.

"धाकट्या! फावडं टाक! बाहेर ये!"

तो आला. हे त्याचं शहाणपण म्हणायला हवं की तो थांबला नाही. भिंत ओलांडताना त्याचा पाय अडखळल्याचं तिने बॅटरीच्या उजेडात बघितलं. तो शिडीपर्यंत पोचला, त्याने पायरीला हात घातला, वर तोंड केलं, काही बोलायला गेला, आणि गुडघ्यात मोडून खाली बसला. मग कलंडला.

वहिनीने रहाट फिरवला. दोर ताणला, कुरकुरला, आणि अडला. तिने सगळ्या अंगाचा जोर लावला. शिडी थरथरली. माणूस जागचा हलला नाही.

"दोर शिडीला आहे," पैलवान म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "वहिनी, दोर शिडीला बांधलाय. मी शिकवलं त्याला. मीच शिकवलं."

तिने हात मारून घंटेचं बटण दाबलं. घंटा सगळ्या गिरणीभर वाजायला लागली. बचाव पथक फाटकाजवळ असतं, त्यांच्याकडे तोंडाला लावायचा मुखवटा आणि पाठीवरची हवेची नळकांडी असतात. ते धावत निघणार हे तिला माहीत होतं, आणि फाटक किती लांब आहे हेही माहीत होतं.

पैलवान कठड्यावरून आत पाय टाकायला लागला. तिने त्याच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं. तो तिच्या दुप्पट होता, पण त्याला तिची अपेक्षा नव्हती. त्याच्याच पट्ट्याला आखूड दोरीने लोंबणारा दुसरा हुक तिने उचलला आणि खाडकन कठड्याच्या दांडीत अडकवला.

"सोडा मला! तो मरतोय!"

"तू गेलास तर दोघं मरतील. इथेच थांब. हलू नकोस."

"माझ्यामुळे झालंय!"

"नंतर रड. आता मला पंखा पूर्ण वेगाने करून दे. हात पोचतोय तुझा, कर!"

त्याने रडत रडत पंख्याचा खटका फिरवला. वहिनीने सोंड दोन्ही हातांनी धरून भिंतीपलीकडून मागे ओढली. पाइप लगद्याने माखलेला, निसरडा, हातातून सुटत होता. नखं मोडली. सोंड भिंतीच्या कडेला अडकली, तिने झटका दिला, ती सुटली. मग तिने सोंडेचं तोंड शिडीच्या बुडाशी सोडलं, आणि काठावरून जरा जरा सरकवत धाकट्याच्या चेहऱ्याजवळ आणलं. त्याच्या कपाळावरचे केस हवेने उडायला लागले. पथक यायच्या आधी एवढंच करता येण्यासारखं होतं, आणि ते करून झालं होतं. आता थांबायचं.

थांबणं म्हणजे काय हे तिने इतरांना किती वेळा सांगितलं असेल! जाकीट घालून, बोट नाचवून सांगितलं होतं. आता ती बघत होती आणि तो दोन पुरुष खोल, खाली पडला होता. लांब नव्हता. जवळ होता, हाच सगळा घोळ होता. शिडी समोर होती. चार पावलं उतरलं की हात लागेल, हुक त्याच्या डोक्याजवळच लोंबतोय, कडीत अडकवायला कितीसा वेळ, श्वास रोखून धरला तर. मीटर ओरडतच होतं. धाकट्याची बोटं हलली. पायरी शोधत असल्यासारखी त्यांनी शिडी चाचपली आणि परत लगद्यात पडली.

वहिनीचा पाय शिडीवर होता.

तिने तो केव्हा ठेवला हे तिला आठवत नाही. ठरवून ठेवला नव्हता एवढं नक्की. एक पाय दुसऱ्या पायरीवर, दोन्ही हात कडेला, आणि छातीत भरून घेतलेला श्वास. तिच्या मनात नियम नव्हता, गिरणी नव्हती, घर नव्हतं. फक्त ती बोटं होती. आपण काही वेडेपणा करतोय असं तिला मुळीच वाटत नव्हतं. उलट इतकं साधं काम आपण इतका वेळ का केलं नाही, असं वाटत होतं.

"थांबा वहिनी, मी पण येतो," पैलवान मागे म्हणाला.

आणि तिला कठड्यावरच्या हुकाची कळ दाबल्याचा आवाज आला. खट्.

त्या आवाजाने ती भानावर आली. तिने मान वळवली. पैलवान हुक सोडवत होता, डोळे पुसत नव्हता, तिच्याकडे बघतही नव्हता, तो तिच्या पाठीच्या पलीकडे त्या भोकाकडे बघत होता. त्याच्या मागे रद्दीच्या शेडमधून दोघं-तिघं धावत येत होते. ती उतरली असती तर हा उतरला असता, आणि हा उतरला असता तर त्यांच्यापैकीही एखादा उतरला असता.

पाय वर काढणं तिला जितकं जड गेलं तितकं आयुष्यात दुसरं काही गेलं नसेल. पाय तिचा नव्हताच जणू. तिने मांडीला दोन्ही हातांनी धरून तो ओढून काढला, उलटी वळली, सोंडेला जागा ठेवून टाकीच्या तोंडाकडे पाठ केली आणि हात पसरून बसली.

"परत अडकव," ती म्हणाली.

"वहिनी..."

"अडकव म्हणते ना! आणि तुम्ही सगळे तिथेच थांबा! माझ्या अंगावरून जावं लागेल!"

शेडमधल्यांपैकी एक जण ओरडला, "अहो तुमचा दीर आहे तो!" तिच्या पाठीमागे मीटर ओरडत होतं. ती वळून बघत नव्हती, कारण वळली तर पुन्हा पाय जाईल याची तिला खात्री होती. पैलवानाने हुक अडकवला आणि तो कठड्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला.

पथक आलं. मुखवटे लावलेले दोघं, अंगात दोर, पाठीवर नळकांडी. वहिनी सरकली. एक जण उतरला, त्याने पायरीवरची गाठ सोडवली, हुक धाकट्याच्या कडीत अडकवला आणि वर हात केला. रहाट वहिनीनेच फिरवला, ती कुणाला हात लावू देईना. धाकटा वर आला तेव्हा त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. त्याला जमिनीवर निजवून तोंडावर मुखवटा दाबला. बऱ्याच वेळाने त्याची छाती उचलली गेली, ओकारी आली, परत उचलली गेली. वहिनी तिथेच जमिनीवर बसली.

दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर ती बसली होती तेव्हा गिरणीतली माणसं येत-जात होती. कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवत होतं, कुणी लांबूनच बघत होतं. पाण्याच्या टाकीपाशी एक बाई दुसरीला हळू आवाजात, पण ऐकू जाईल एवढ्या हळू, म्हणाली, "सख्खा भाऊ असता तर उतरली असती." वहिनीच्या तोंडाचा पट्टा एरवी असल्या वेळी सुटायचाच. त्या दिवशी ती बाहीवरचा वाळलेला लगदा खरवडत राहिली.

सासू आली. शेजारणीच्या हाताला धरून, चपला उलटसुलट घातलेली. तिने आधी डॉक्टरला गाठलं, धोका टळलाय पण अजून शुद्ध पूर्ण नाही एवढं ऐकून घेतलं, आणि मग येऊन वहिनीच्या शेजारी बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तू उतरली नाहीस म्हणे."

"नाही उतरले."

"लोक काय काय बोलतायत."

"बोलू देत. खरंच आहे." मग तिला वाटलं, हिच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही. "आई, एक पाय घातला होता मी. शिडीवर. मग काढला."

आता हिचा तोल जाणार, असं समजून तिने मान खाली घातली. म्हाताऱ्या माणसाने एक मुलगा ह्याच भोकात घालवला आहे, दुसरा आत पडला आहे, ती काय बोलेल ते बोलेल. पण सासू ओरडली नाही. तिने वहिनीकडे वळून विचारलं, अगदी खरं जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं :

"काढलास कसा गं?"

वहिनीला आधी प्रश्नच समजला नाही. मग समजला.

"मागे पैलवान होता," ती म्हणाली. "तो हुक सोडत होता. मी गेले असते तर माझ्यामागे तोही आला असता. तो आवाज आला आणि... तो आवाज आला नसता तर मी गेले असते, आई. शपथेवर सांगते. मी गेलेच होते."

सासूने मान हलवली. समोर हिरव्या भिंतीवर शांतता राखा असं लिहिलेलं होतं, तिकडे ती बघत राहिली.

"आणि त्याच्या मागे कोण होतं?"

त्याच्या म्हणजे कुणाच्या, ते विचारायची गरज नव्हती. इतकी वर्षं वहिनीने ज्याला वेडा म्हटलं होतं, भांडी आपटत, उशीत तोंड खुपसत म्हटलं होतं, तो त्या टाकीच्या तोंडावर एक पाय शिडीवर ठेवून उभा असलेला तिला दिसला. त्यालाही ते काम साधंच वाटलं असणार. चार पावलं, एक श्वास. मान वळवून बघण्यासारखं त्याच्यामागे काही नव्हतं.

"कुणी नव्हतं," वहिनी म्हणाली. "एकटाच होता तो."

आणि मग तिला रडू आलं. नवरा गेल्यापासून न आलेलं ते रडू दवाखान्याच्या बाकावर सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत आलं. सासूने तिला गप्प बस म्हटलं नाही. तिच्या लगद्याने वाळून कडक झालेल्या बाहीवर हात ठेवून ती नुसती बसून राहिली.

नर्सने दार उघडलं. पेशंट डोळे उघडतोय, एकाच माणसाने या, फार बोलायचं नाही, असं ती म्हणाली. वहिनी डोळे पुसून बाजूला सरकली, सासूला वाट करून द्यायला.

"आधी तू जा," सासू म्हणाली.